वस्तूवर कविता लिहून घेताना

‘माझी आवडती वस्तू’ असा विषय फळ्यावर लिहिलात की वर्गातून निबंधच येतो, फक्त ओळी तोडलेला. त्याऐवजी मुलांना घरून एक वस्तू आणायला सांगा: किसणी, कुलूप, चहाची गाळणी, काहीही. मोबाइल मात्र नको, त्यावर सगळे सारखंच लिहितात.

पहिली दहा मिनिटं कविता नाहीच. वस्तू हातात धरायची आणि दिसेल ते टिपायचं. स्टीलचा डबा असेल तर पोचा कुठे आहे, झाकण लावताना कसा आवाज होतो, घासूनही कोणता वास उरतो. डब्यावर यंत्राने कोरलेलं आजीचं नाव आणि लग्नाची तारीख सापडली, तर अर्धी कविता तिथेच आहे.

मग वस्तूशी थेट बोलायला लावा: ‘अगं किसणी, तू...’ ‘सुंदर’, ‘छान’, ‘उपयोगी’ हे शब्द बाद. यमकही पहिल्या खर्ड्यात बंद, नाहीतर जुळणीच्या नादात किसणी बाजूलाच राहते.

चिलीचे कवी पाब्लो नेरुदा यांच्या 1954 सालच्या संग्रहात कांदा आणि टोमॅटो यांच्यावर स्तुतिकविता आहेत, एकेका ओळीत जेमतेम दोन-चार शब्द. मुलांनाही ओळी तेवढ्याच आखूड ठेवायला सांगा; फापटपसारा आपोआप गळतो.

वाचून दाखवताना वस्तूचं नाव गाळायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच ओळखता आलं नाही, तर टिपणांच्या कागदाकडे परत.