महॉगनीचं जुनं ड्रेसिंग टेबल ‘नवं’ करताय? या चुका टाळा

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत पणजीच्या काळातलं कोरीव ड्रेसिंग टेबल अजूनही सापडतं. घरात लग्न ठरलं, भिंतींना रंग काढला, की ‘हेही चकाचक करून टाका’ म्हणून ते मिस्त्रीच्या ताब्यात जातं. तिथेच घात होतो.

पहिला शत्रू पॉलिश पेपर. बॅटरीचा उजेड आडवा टाकून नक्षी बघा. पानाच्या मधल्या शिरेला चांगली धार असते, मागच्या सपाट जागेत पटाशीचे बारीक ठसे दिसतात. महॉगनीचा पोत एकसारखा, म्हणूनच इतकी पातळ कड कोरताना ढलपी निघत नाही. पेपरचे दोन हात फिरले की ही धार बोथट झाली म्हणून समजा. ती परत आणायची तर नक्षी आणखी खोल कोरावी लागते. कॉस्टिक सोडा त्याहून वाईट. महॉगनीतल्या टॅनिनमुळे लाकूड काळवंडतं आणि सांध्यातला सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जुना गोंद) तोही सुटतो. नक्षीतली धूळ मऊ कोरड्या ब्रशनेच काढा. तेल तर लावूच नका, खाचांत साचून धूळ धरतं.

मिस्त्री मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही नवी कृत्रिम पॉलिशं सुचवेल. आधी जुनं पॉलिश कोणतं ते पाहा. मागच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवा. चिकट लागलं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. गरम कपाचे पांढरे डाग बहुतेकदा या पॉलिशच्या थरातच असतात, जाणकार पॉलिशवाला बोळ्याने पातळ हात देऊन ते घालवतो. मेलामाइन किंवा पीयू एकदा चढलं की ते स्पिरिटला दाद देत नाही. (फर्निचरचं संखेडा गाव बडोद्याजवळच, पण तिथलं काम म्हणजे खरादावर कातलेल्या सागावर रंगीत लाख. त्याची इथे गल्लत नको.)

फळीची कडही तपासा. वर महॉगनीचा पातळ पापुद्रा आणि आत दुसरंच लाकूड, असं पुष्कळदा असतं. त्यावर घासणीचं मशीन चालवलं तर पापुद्रा पार होऊन आतलं लाकूड उघडं पडतं.

सांधा हलतो म्हणून खिळा ठोकू नका, फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदही भरू नका. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, सांधा उघडून साफ करून पुन्हा जोडता येतो. पांढऱ्या गोंदाच्या थरावर मात्र सरस धरत नाही.

आरशावर काळे ठिपके आले तरी पाठ खरवडू नका. काचेवर चांदी चढवायची रीत 1835 नंतरची, त्याआधी कथील आणि पारा असे. पारा विषारी आहे. नवा आरसा बसवायचाच असेल तर जुनी काच जपून ठेवा.

पावसाळ्यात खण अडकला तर लगेच रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा. तोवर खालच्या धारांना मेणबत्ती घासा. थंडीतही अडकलाच तर खण काढून ज्या पट्टीवर तो सरकतो ती पाहा. बहुधा ती झिजलेली असते, तेवढीच बदलून घ्या.