कार्डावर काय लिहिलंय ते आधी वाचा

खान्देशात पत्ते मुद्दाम कोणी शिकवत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की ओट्यावर, पारावर, मळ्यात डाव पडतात, पोरं मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात आणि बघता बघता खेळायला लागतात. मेंढीकोटात एका गावाला कट हुकूम चालतो, दुसऱ्या गावाला बंद हुकूम. पाहुणा आला तर तो आधी विचारतो, "तुमच्याकडे कसं?" आणि तसं खेळतो. यात काहीच वावगं नाही. बावन्न पत्त्यांवर फक्त रंग आणि आकडा असतो, बाकी सगळं मंडळींनीच ठरवायचं असतं.

मॅजिक : द गॅदरिंग किंवा यु-गि-ओ हे जमवलेल्या कार्डांचे खेळ खेळायला बसलात की मात्र ही सवय बाजूला ठेवावी लागते. इथे नियम कार्डावरच छापलेला असतो आणि एकेक शब्द मोजून वापरलेला असतो. जळगावात रविवारी आम्ही काही जण जमतो, तिथे नवीन मुलांना नियम समजावण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. वाद झाला की आमच्या टेबलावर एकच हाक ऐकू येते, "काय लिखेल शे ते वाच ना भाऊ!" निम्मे वाद तेवढ्यावरच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितोय.

उनो घ्या, कारण ते घराघरात आहे. प्लस टूवर प्लस टू टाकून पुढच्याला चार उचलायला लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. छापील नियमांत ते नाही. ज्याच्यावर प्लस टू पडला त्याने दोन पत्ते उचलायचे आणि त्याची पाळी गेली. वाइल्ड ड्रॉ फोरही वाटेल तेव्हा टाकता येत नाही, चालू रंगाचा एकही पत्ता हातात नसेल तरच टाकायचा. घरी तुम्ही तुमच्या पद्धतीने जरूर खेळा. पण नियम कोणता आणि घरचा रिवाज कोणता, हे दोन वेगळे ओळखता आले पाहिजेत. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता खऱ्या अडचणीकडे. मॅजिकमध्ये नवखा खेळाडू सगळ्यात जास्त अडखळतो तो टार्गेट, म्हणजे निशाणा, या शब्दावर. समजा समोरच्याकडे एकच क्रीचर (लढणारा प्राणी) आहे आणि त्याला हेक्सप्रूफ आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या स्पेलला (मंत्राच्या कार्डाला) किंवा अबिलिटीला (कार्डाच्या क्षमतेला) ते टार्गेट करता येत नाही. तुम्ही डायबॉलिक ईडिक्ट हे कार्ड खेळता. समोरचा लगेच म्हणतो, "हेक्सप्रूफ आहे, चालणार नाही." कार्ड वाचा : टार्गेट प्लेअर सॅक्रिफायसेस अ क्रीचर ऑफ देअर चॉइस, म्हणजे निवडलेल्या खेळाडूने स्वतःच्या पसंतीचं एक क्रीचर गमवायचं. टार्गेटच्या पुढचा शब्द कोणता? प्लेअर. निशाणा माणसावर आहे, क्रीचरवर नाही. हेक्सप्रूफ क्रीचरला आहे, माणसाला नाही. म्हणून क्रीचर जातं. आणि याच वाक्याची दुसरी बाजूही बघा : कोणतं क्रीचर द्यायचं हे तो खेळाडू ठरवतो. त्याच्याकडे एखादं किरकोळ टोकन (दुसऱ्या कार्डाने तयार केलेलं क्रीचर) असेल तर तो तेच देईल आणि तुमचं कार्ड वाया जाईल. एकाच ओळीत दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही शब्दांतूनच निघतात.

मी शिकवताना याच जागी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. टार्गेट हा शब्द शोधायचा, त्याच्या पुढचं नाम बघायचं, संरक्षण नेमकं त्याच नामाला आहे का ते तपासायचं. शब्दच नसेल तर टार्गेट नाही. राथ ऑफ गॉड सगळी क्रीचर्स नष्ट करतं, त्यात टार्गेट नाही, म्हणून तिथे हेक्सप्रूफ कामाला येत नाही. क्लोन दुसऱ्या क्रीचरची नक्कल करतं, तिथेही टार्गेट नाही, म्हणून हेक्सप्रूफवाल्या क्रीचरचीही नक्कल होते. अपवाद म्हणून ऑरा, म्हणजे दुसऱ्या कार्डाला चिकटणारं कार्ड, लक्षात ठेवा. एन्चँट क्रीचर असं लिहिलेला ऑरा हातातून खेळताना तो शब्द न लिहिताही टार्गेट करतो, कारण ते एन्चँटच्या नियमातच आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. मॅजिकमध्ये टार्गेट स्पेल खेळतानाच सांगावं लागतं आणि स्पेलचा परिणाम व्हायच्या क्षणी ते पुन्हा तपासलं जातं. सगळी टार्गेट्स तोपर्यंत बेकायदेशीर झाली असतील तर स्पेलचं काहीच घडत नाही. काहीच म्हणजे काहीच. रिपल्स हे कार्ड टार्गेट क्रीचर मालकाच्या हातात परत पाठवतं आणि तुम्हाला एक कार्ड ओढायला देतं. समोरच्याने उत्तरादाखल ते क्रीचर स्वतःच सॅक्रिफाइस केलं तर? परत पाठवायला क्रीचर नाही, हे सगळ्यांना पटतं. पण तुमचं कार्डही ओढायचं नाही, हे पहिल्यांदा ऐकल्यावर कोणालाच पटत नाही. टार्गेट दोन असती आणि एक शाबूत असतं, तर त्या एकापुरता परिणाम झाला असता आणि कार्डही मिळालं असतं.

क्लोनमध्ये टार्गेट नसल्याचा परिणाम वेळेवरही होतो. कोणाची नक्कल करायची हे क्लोन मैदानात येतानाच ठरतं, आधी जाहीर करावं लागत नाही. त्यामुळे "तू त्याची नक्कल करतोयस ना, मग मी आधी त्याला मारतो" असं समोरच्याला मध्येच म्हणता येत नाही.

यु-गि-ओमध्ये हीच गोष्ट विरामचिन्हांवर येते. २०११पासून त्या कार्डांची भाषा एका ठरीव साच्यात लिहिली जाते. अपूर्णविरामाच्या आधी अट येते, अर्धविरामाच्या आधी किंमत किंवा टार्गेट म्हणजे कार्ड सक्रिय करतानाच करायची गोष्ट, आणि अर्धविरामानंतर प्रत्यक्ष परिणाम. मिस्टिकल स्पेस टायफून आज असं लिहिलं जातं : टार्गेट १ स्पेल ऑर ट्रॅप ऑन द फील्ड; डिस्ट्रॉय दॅट टार्गेट (मैदानातलं एक स्पेल किंवा ट्रॅप कार्ड निवडा; ते नष्ट करा). त्यात निगेट (रद्द करणं) हा शब्द कुठेच नाही. तरीही समोरच्याने साधं स्पेल खेळलं की नवा मुलगा त्यावर टायफून टाकतो आणि "तुझं रद्द झालं" म्हणतो. रद्द होत नाही. कार्ड नष्ट होतं, परिणाम मात्र घडतो. मैदानात टिकून राहण्यावरच ज्याचं काम चालतं अशा कंटिन्युअस कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे टायफून खरंच उपयोगी पडतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बरीच कार्डं हातोहात फिरून आलेली, जुन्या छपाईची असतात. टायफूनच्या जुन्या प्रतींवर टार्गेट हा शब्दच नाही, तरी ते टार्गेट करतं. हातातल्या कार्डावर काहीही छापलेलं असो, चालतो तो अधिकृत यादीतला आजचा मजकूर. मॅजिकसाठी गॅदरर ही यादी आहे, यु-गि-ओचीही स्वतःची आहे. डेक (खेळायचा कार्डांचा संच) बांधतानाच प्रत्येक जुन्या कार्डाचा आजचा मजकूर वहीत उतरवून ठेवा. टेबलावर फोन काढून शोधायला बसलात की वाद चिघळतो.

फोनवरून या खेळाकडे येणाऱ्यांना विशेष सांगणं आहे. मॅजिक अरीना किंवा यु-गि-ओच्या मास्टर ड्युएल या फोनवरच्या खेळांमध्ये चालणारं टार्गेट स्क्रीनच उजळून दाखवते, न चालणाऱ्यावर बोट टेकवून काही होत नाही. खेळ लवकर शिकण्यासाठी हे उत्तम आहे. पण 'का चालत नाही' हा प्रश्न तिथे विचारावाच लागत नाही. म्हणून स्क्रीनने नकार दिला की थांबा, कार्ड उघडून वाचा आणि कारण स्वतःच्या शब्दांत सांगून बघा.

मॅजिकचे संपूर्ण नियम दोनशेहून जास्त पानांचे आहेत. पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. १०१ क्रमांकाचा नियम वाचा : कार्ड आणि नियम यांत विरोध आला तर कार्ड खरं, आणि 'करता येतं' व 'करता येत नाही' यांत विरोध आला तर 'येत नाही' खरं. मग ११५ टार्गेटसाठी, ६०१ स्पेल खेळण्यासाठी, ६०८ परिणाम होण्यासाठी. एवढ्यावर बरीच मजल मारता येते.

पुण्या-मुंबईच्या स्पर्धेला पहिल्यांदा जाल तेव्हा टेबलावर हुज्जत घालू नका. हात वर करून जजला (पंचाला) बोलवा आणि तो येईपर्यंत एकाही कार्डाला हात लावू नका. आधी काय घडलं ते क्रमाने सांगा, मग कार्ड पुढे करा, तुमचं मत शेवटी. निर्णय पटला नाही तर हेड जजकडे दाद मागायचा तुम्हाला हक्क आहे. नम्रपणे मागा, त्यात कोणाचा अपमान होत नाही. हेड जजने सांगितलं की मात्र तिथून पुढे खेळायचं.