अमेरिकी काउंटीच्या मध्यक उत्पन्नाची मालिका कशी तयार करावी

अमेरिकेतील एखाद्या काउंटीचे (राज्याच्या आतील, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घरटी मध्यक उत्पन्न, म्हणजे घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या घराचे उत्पन्न, गेल्या पन्नासएक वर्षांत कसे बदलले, याचे उत्तर देणारी सलग मालिका तयार मिळत नाही. जनगणना ब्यूरोच्या तीन वेगवेगळ्या मोजण्यांतून ती आपणच जुळवावी लागते, आणि त्या तिन्हींची पद्धत एकसारखी नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

पहिली मोजणी दशवार्षिक जनगणनेच्या लांब प्रश्नावलीची. २००० साली ती साधारण सहांपैकी एका घराला मिळाली होती. तिच्यात आधीच्या वर्षाचे उत्पन्न विचारले जाई, म्हणून १९८०, १९९० आणि २००० या जनगणनांतील आकडे अनुक्रमे १९७९, १९८९ आणि १९९९ या वर्षांसमोर मांडावेत. २०१० पासून ही प्रश्नावली बंद झाली आणि तिची जागा दुसऱ्या मोजणीने, म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या दरवर्षीच्या नमुना-पाहणीने घेतली. या सर्व्हेचे एका वर्षाचे अंदाज ६५,००० किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या भागांसाठीच निघतात. लहान काउंट्यांना पाच वर्षांच्या एकत्रित अंदाजावर भागवावे लागते. तिसरा स्रोत म्हणजे ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’, ज्याला अभ्यासक ‘सायपी’ म्हणतात. त्यात सर्व्हेचे उत्तर आणि प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदींवरून बांधलेले भाकीत यांचा भारित मेळ घातला जातो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक काउंटीला दरवर्षीचा आकडा मिळतो. दरवर्षीचा कल पाहायचा असेल तर मी सायपीच घेईन. मात्र त्यातही सलगता गृहीत धरू नये, कारण २००५ पासून त्याचा आधार करंट पॉप्युलेशन सर्व्हे या ब्यूरोच्या दुसऱ्या नमुना-पाहणीऐवजी कम्युनिटी सर्व्हे झाला आणि तिथे एक सांधा पडला.

पाच वर्षांचे अंदाज वापरताना सर्वाधिक घोटाळा कालखंडाचा होतो. २०१४–२०१८ आणि २०१५–२०१९ या दोन खंडांत चार वर्षे सामाईक असल्यामुळे त्यांतील फरकाला एका वर्षातील वाढ म्हणता येत नाही. तुलना २००९–२०१३ आणि २०१४–२०१८ अशा न आच्छादणाऱ्या खंडांची करावी. शिवाय हे अंदाज खंडाच्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आधीच बदललेले असतात, म्हणून त्यांना मधल्या वर्षाचे समजून पुन्हा महागाई लावू नये. जनगणनेचे आणि सायपीचे आकडे मात्र त्या-त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात. सगळी मालिका एकाच महागाई निर्देशांकाने एकाच आधारवर्षावर आणावी, आणि तो निर्देशांक मध्येच बदलू नये.

सर्व्हेच्या प्रत्येक आकड्यासोबत ९० टक्के विश्वासपातळीची त्रुटीमर्यादा दिलेली असते. तिला १.६४५ ने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे आकडा साधारण किती चुकू शकतो त्याचे माप, मिळते. दोन खंडांच्या प्रमाण त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे. दोन मध्यकांतील फरक या वर्गमूळाच्या १.६४५ पटीपेक्षा कमी भरला, तर वाढ किंवा घट झाली असे लिहू नये. टेक्ससमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघे ६४ रहिवासी होते. अशा ठिकाणी मध्यक एका खंडातून दुसऱ्या खंडात केवढीही उडी मारू शकतो आणि त्यातून अर्थव्यवस्थेविषयी काहीच कळत नाही.

दोन काउंट्या एकत्र करायच्या असतील तर त्यांच्या मध्यकांची सरासरी काढणे चूक आहे, मग ती लोकसंख्येने भारित का असेना. त्याऐवजी कम्युनिटी सर्व्हेच्या बी१९००१ या तक्त्यातील १६ उत्पन्नगटांतील घरे गटवार मिळवावीत आणि मध्यक ज्या गटात पडतो त्याच्या आत तो प्रमाणाने शोधावा. उदाहरणार्थ, एकूण २०,००० घरे आहेत, ६०,००० डॉलरच्या खाली ९,२०० घरे आहेत आणि ६०,००० ते ७४,९९९ या गटात २,००० घरे आहेत, असे समजू. दहा हजारावे घर गाठायला या गटातील ८०० घरे लागतात, म्हणजे गटाचा ०.४ भाग, १५,००० च्या रुंदीचा ०.४ भाग ६,००० होतो आणि मध्यक ६६,००० डॉलर येतो. सर्वांत वरच्या, २,००,००० डॉलरच्या पुढच्या गटाला वरची सीमा नसते, म्हणून मध्यक तिथे पडला तर हे गणित चालत नाही.

ही बेरीज काउंट्यांच्या सीमा बदलतात तेव्हा विशेष कामाला येते. नुसते नाव आणि संकेतांक (आकडेवारीत काउंटी ओळखण्याचा क्रमांक) बदलले असतील तर प्रश्न सोपा असतो: साउथ डकोटातील शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि तिचा संकेतांक ४६११३ ऐवजी ४६१०२ झाला, एवढी नोंद जुळवली की पुरते. कोलोरॅडोत मात्र २००१ मध्ये चार काउंट्यांचे तुकडे काढून ब्रूमफील्ड ही नवी काउंटी झाली, म्हणजे तिथे सीमाच बदलल्या. कनेटिकटचे प्रकरण आणखी वेगळे. २०२२ च्या सर्व्हेपासून तिथल्या आठ जुन्या काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश आले आहेत आणि त्यांच्या सीमा जुळत नाहीत. राज्यातील १६९ टाउन (काउंटीहून लहान स्थानिक विभाग) मात्र आहेत तशीच आहेत. तेव्हा पाच वर्षांच्या अंदाजांतील टाउनवार गटसंख्या घेऊन, जुन्या काउंटीत मोडणाऱ्या टाउनांची बेरीज करावी आणि वरच्याच रीतीने मध्यक काढावा.