रिगात रशियन-लात्व्हियन अनुवादक शोधताना

लात्व्हियाच्या राजधानीत, रिगात, रशियन बोलणारी माणसं पावलोपावली भेटतात. त्यामुळे अनुवाद कंपनीत नव्याने कोऑर्डिनेटर (अनुवादक शोधून काम सोपवणारा) म्हणून लागलेल्याला रशियन-लात्व्हियन ही भाषांची जोडी म्हणजे हातचा मळ वाटते. मलाही वाटायची. शिकायला येऊन इथेच अशा नोकरीत शिरू पाहणारे आपले काही जण विचारतात, म्हणून लिहितोय.

दोन्ही भाषा फर्डं बोलणारा शेकड्यांनी मिळेल. पण तो डॉक्टरी कागद लात्व्हियनमध्ये लिहू शकेलच असं नाही, आणि फसायला होतं ते नेमकं इथेच. रशियन हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड घ्या, ज्याला ते ‘एपिक्रिझ’ म्हणतात. त्यात निम्मा मजकूर आद्याक्षरांचा. ‘इ-बे-एस’ म्हणजे हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार. लात्व्हियन डॉक्टर त्यालाच ‘का-एस-एस’ लिहितो. हौशी माणूस रशियन अक्षरं लॅटिन लिपीत जशीच्या तशी उतरवतो आणि होतं ‘आयबीएस’, जे इंग्रजी वैद्यकात आतड्याच्या तक्रारीचं नाव आहे! इंग्रजीमार्गे अनुवाद करणारं मशीनही हाच घोळ घालू शकतं. गंमत अशी की वाक्य व्याकरणात चोख असतं, प्रूफरीडरच्या नजरेतून सहज निसटतं. असा कागद आला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो.

म्हणून ‘रशियन येतं का?’ हा प्रश्नच सोडा. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत करता, कोणत्या विषयातलं करता, हे विचारा. मग आद्याक्षरांनी भरलेलं अर्धं पान द्या, पैसे देऊन. फुकट टेस्ट मागणाऱ्यांना चांगली माणसं दारात उभं करत नाहीत, आणि बरोबरच आहे. पान परत देताना ज्याने दोन-तीन शंका लिहून पाठवल्या, त्याला धरून ठेवा. शंका न विचारता तासाभरात पाठवणाऱ्याला नमस्कार.

घाबरू नका, चांगली माणसं आहेत, फक्त विखुरलेली. सोव्हिएत काळात शिकलेले ज्येष्ठ अनुवादक रशियन यंत्रसामग्री, रेल्वे, रसायनं यांत तरबेज असतात. कायद्याचं मात्र वेगळं. 2004 मध्ये लात्व्हिया युरोपीय संघात गेला आणि कायद्याची बरीच नवी परिभाषा इंग्रजीसमोर ठेवून बसवली गेली. रशियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा नाही, त्यामुळे संघाच्या कायद्यांत समोरासमोर ठेवायला रशियन पाठ नसतो. तरुणांचं इंग्रजी पक्कं, रशियन कच्चं. करार आला तर मी ज्येष्ठाकडून अनुवाद आणि तरुण कायदेवाल्याकडून संपादन करून घेतो. खर्च वाढतो, मॅनेजर कुरकुरतो. कुरकुरू दे.

शोध व्हेंट्सपिल्सच्या विद्यापीठातला अनुवाद विभाग आणि लात्व्हियाची अनुवादक संघटना इथून सुरू करा. तयार ‘डेटाबेस’ विकणारे आणि लिंक्डइनवरचे गुरू यांच्या नादी लागू नका. ऑफिसातल्या म्हाताऱ्या संपादक बाईंसोबत चहा प्या, जास्त कळेल.

आणि क्लायंटने ‘शपथबद्ध अनुवादक’ (सरकारने शपथ देऊन नेमलेला) मागितला तर सरकारी यादी शोधत बसू नका, तशी पद्धत इथे नाही. अनुवादक स्वतः ‘अनुवाद बरोबर आहे’ असं लिहून सही करतो. काही ठिकाणी त्यावर नोटरीही लागतो. कागद जिथे द्यायचा, त्या कार्यालयाला काय चालतं ते आधी विचारा, मगच दर कळवा.