डोक्यावर गोंद, कपाळावर डाग: घरच्या घरी नटताना या चुका टाळा

माझ्या शिलाई मशीनखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नुसत्या बिघडलेल्या वस्तू आहेत. क्लिपपासून सुटलेले बो, इलॅस्टिक निसटून चिंधी झालेल्या स्क्रंच्या, म्हणजे केस बांधायची कापडी रबरं, आणि मणी गळालेले केसांचे आकडे. गेल्या नऊ वर्षांत शनिवारच्या वर्गाला येणाऱ्या मुलींनी "ताई, हे असं का झालं बघा की" म्हणत आणून दिलेल्या. डबा दोनदा रिकामा केला, दोन्ही वेळा भरला, आणि चुका त्याच निघाल्या. म्हणून आता लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट. केसातली वस्तू असो की तोंडावरचा मेकअप, त्याची परीक्षा घरच्या आरशात होत नाही. तासगावहून एसटीत उभ्याने येणारी मुलगी, साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी चालवणारी मुलगी, मे महिन्यात पारा ४० च्या घरात गेलेला असताना मिरजेला लग्नाला निघालेली करवली, या सगळ्यांच्या अंगावर तो संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. फोटोपुरतं केलेलं फोटोपुरतंच राहतं.

ग्लू गनवर सगळा भार टाकणं

वर्गाला येणाऱ्या दर दहा मुलींतल्या आठजणींना पहिल्या दिवशी ग्लू गनच हवी असते. सुई-दोरा काढला की चेहरे उतरतात. "यूट्यूबवर तर दोन मिनिटांत करतात की!" करतात. पण तो बो पुढे कोणाच्या केसात किती दिवस राहिला, हे त्या व्हिडिओत कधी दाखवत नाहीत.

ग्लू गनमधली कांडी तापली की वितळते आणि गार झाली की घट्ट होते. हे दोन्हीकडून खरं आहे, म्हणजे गार झालेला गोंद पुन्हा तापला की पुन्हा मऊ पडतो. साधा गोंद साठ-सत्तर अंशांच्या आसपासच ढिला होऊ लागतो. सांगलीच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढी धग सहज तयार होते. शिवाय क्लिपचा धातू गुळगुळीत असतो. त्यावर गोंद वरच्यावर बसतो, आत मुरत नाही. नखाने उचलला तर पापडासारखा अख्खा निघून येतो.

हे मी एका मे महिन्यात शिकले. मिरजेतल्या एका लग्नाच्या करवल्यांसाठी खणाचे २४ बो करायचे होते. चार दिवस हातात होते, तरी मी तीन दिवस दुसऱ्या कामात घालवले आणि शेवटच्या रात्री सगळे बो ग्लू गनने क्लिपांना चिकटवले. दिसायला अप्रतिम. सकाळी खोका स्कूटरच्या डिकीत ठेवला, वाटेत एका ओळखीच्यांकडे थांबले, गाडी तासभर उन्हात. मंगल कार्यालयात खोका उघडला तर निम्म्याहून जास्त बो क्लिपवरून घसरलेले. गोंदाच्या तारा सुटून एकमेकांना चिकटलेल्या, आणि दोन-तीन बोंच्या दर्शनी बाजूला गोंदाचा पारदर्शक ठिपका. खणावर पडलेला तो ठिपका काही केल्या निघत नाही. काढायला गेलं की धागा खेचला जातो.

मुहूर्ताला दीड तास होता. नवरीच्या आत्यांनी एक शब्द न बोलता पर्समधून सुईचं पाकीट काढलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. आम्ही दोघींनी मिळून चौदा बो शिवले. त्यांचे टाके माझ्यापेक्षा बारीक होते. शेवटचा दोरा दातांनी तोडताना एवढंच म्हणाल्या, "डोक्यावरचं काही गोंदावर सोडू नये बाई." त्या दिवसापासून माझ्या घरून एकही बो शिवल्याशिवाय बाहेर गेलेला नाही.

आता माझी पद्धत सांगते. क्लिपची वरची पट्टी आधी पातळ रिबनने पूर्ण गुंडाळून घ्यायची. रिबनची टोकं आत वळवून दोन टाक्यांनी बंद करायची. बो मध्यभागी चुणून दोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे द्यायचे आणि मग तो बो क्लिपवरच्या रिबनला शिवायचा, निदान सहा टाके. दोरा वाकळेचा, दुहेरी. मशीनचा पातळ दोरा इथे टिकत नाही. ग्लू गन मीही वापरते, पण शिवताना बो हलू नये म्हणून एक थेंब, इतकीच तिची जागा. एका बोला दोन मिनिटांऐवजी बारा मिनिटं लागतात. ती द्यायची नसतील तर सांगलीत मारुती रोडवर तयार बो मिळतात, ते घ्यावेत. पण स्वतः करून कोणाला भेट देणार असाल, तर बारा मिनिटं द्याच.

सेकंदात चिकटणारा गोंद आणि सुती कापड

ही चूक कमी वेळा होते, पण घाबरवते. त्या बारीक ट्यूबमधला झटपट गोंद, ज्याला सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणतात, सुती कापडात मुरला की फार वेगाने घट्ट होतो आणि त्यातून उष्णता निघते. चटका बसण्याइतकी. एकदा वर्गात एका मुलीच्या सुती ओढणीवर ट्यूब सांडली, ओढणी मांडीवर होती. तिला वाटलं ओलं झालंय, पुसावं. तेवढ्यात धूर दिसला आणि ती किंचाळली. ओढणी झटकन बाजूला केली, मांडीवर भरपूर पाणी ओतलं, तरी कातडी लाल झालीच. कापड कातडीला चिकटलं असतं तर ओढून काढायचं नसतं. गार पाणी ओतत राहायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. नुसती बोटं एकमेकांना चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत.

तसाही हा गोंद केसांच्या वस्तूंना शोभत नाही. मण्यांभोवती पांढुरकी वाफ धरल्यासारखा थर येतो आणि वाळला की तो कडक, ठिसूळ होतो. क्लिप वाकली की मणी उडतो. मणी तारेने ओवा किंवा नायलॉनच्या दोऱ्याने शिवा.

स्क्रंचीबद्दल थोडक्यात

कापड २० इंच लांब, ४ इंच रुंद. इलॅस्टिक ७ इंच. इलॅस्टिकला नुसती गाठ मारू नका, गाठ निसटते. टोकं अर्धा इंच एकावर एक ठेवून मशीनवर तीनदा मागे-पुढे टीप मारा.

कापड न धुता कापू नका. लाल आणि जांभळा खण पहिल्या पाण्यात रंग सोडतो. तो रंग बादलीत सोडला तर ठीक, घामाने मानेवर उतरला तर मुलगी दिवसभर हैराण. खण मूळचा गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. आपल्या बाजारात आता त्याच्या नावाने सुती, मिश्र, पॉलिस्टर असं सगळं विकलं जातं. सुटलेले धागे मेणबत्तीवर धरून बंद करायची युक्ती फक्त पॉलिस्टरला चालते, कारण ते वितळतं. सूत जळतं. कोपऱ्यातला एक धागा काढून आधी जाळून बघा. काळी गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर सूत, आणि सुताची कड दुमडून शिवायचीच.

जरीचा काठ केसांना घासतो. शिंप्याकडची पैठणीची कात्रणं फार सुंदर दिसतात, मीही जमवते, पण जरीचा काठ वरच्या बाजूला येईल आणि केसांना सॅटिन लागेल असं शिवा. आणि पार्सलच्या पिशवीवरचं रबर केसाला लावू नका, कधीच नाही.

टिकली

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही गोष्ट घरातली आहे.

माझ्या मावशीने तीस वर्षं एकाच मापाची मरून टिकली लावली. रात्री काढून आरशाला चिकटवायची, सकाळी तीच परत. चिकटेनाशी झाली की नवी. एका उन्हाळ्यात कपाळाला खाज सुटायला लागली. तिला वाटलं घाम. खाज सुटली की टिकली थोडी वर लावायची, मग थोडी खाली. चार-पाच महिन्यांनी बरोबर टिकलीच्या आकाराचा एक पांढरा डाग दिसायला लागला. त्यावर तिने आणखी मोठी टिकली लावली, डाग झाकायला. तिथेच चुकलं. कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न टिकलीचा विचारला.

टिकलीच्या मागच्या गोंदात बऱ्याचदा पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. काहींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. आधी खाज किंवा लाली, मग पांढरेपणा. कित्येक बायकांना काहीच होत नाही, म्हणूनच कोणी गंभीरपणे घेत नाही. मावशीचा डाग उपचारांनी बराचसा भरून आला, पण पूर्ण नाही.

म्हणून माझ्या घरातले नियम कडक आहेत. टिकली लावून झोपायचं नाही. काढल्यावर जागा धुवायची, गोंदाचा चिकटा राहू द्यायचा नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस कपाळ मोकळं. आणि खाज सुटली तर ती टिकली त्या क्षणी बंद. दुसऱ्या कंपनीची घेऊन बघू, असंही नाही. डाग दिसलाच तर झाकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

टिकलीऐवजी मेणावर कुंकू लावायची आज्यांची रीत मला अजून आवडते. खरं कुंकू हळदीचंच. ओवाळणीच्या ताटात हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लाल होतं ना, तोच गुण. सांगलीला हळद सांगायला नको, २०१८ मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पुडीतलं प्रत्येक लाल कुंकू हळदीचं असतं असं धरून चालू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस वाट बघा. हीच चाचणी नव्या क्रीमला, नव्या फाउंडेशनला, सगळ्याला. दोन दिवस थांबायला कोणी तयार नसतं, आणि मग पंधरा दिवस तोंड सुजवून घरात बसावं लागतं.

ट्यूबलाइटखाली शेड निवडणं

फाउंडेशन मनगटावर लावून बघायची सवय कुठून आली कोणास ठाऊक. मनगटाचा आणि तोंडाचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरणारी एक रेघ ओढा. मग दुकानाच्या पायरीवर, उजेडात या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळं उजळ दिसतं. लगेच निर्णय घेऊ नका. पुष्कळ फाउंडेशन हवा लागल्यावर थोडी गडद होतात, तेव्हा दहा मिनिटं बाजारात फिरा आणि परत आरसा बघा. रेघ दिसेनाशी झाली असेल तर ती तुमची शेड.

विकणारी व्यक्ती "एक शेड उजळ घ्या, छान दिसेल" म्हणेल. घेऊ नका. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगावर उजळ शेड राखाडी दिसते, पीठ लावल्यासारखी. मला याचा मनापासून राग येतो. वर्गात आलेली एकही मुलगी तिच्या स्वतःच्या रंगात वाईट दिसलेली मी पाहिलेली नाही. राखाडी झालेल्या मात्र खूप पाहिल्या.

डोळ्यांखालचं काळेपण झाकायलाही फिकट कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं घट्ट क्रीम, थापू नका. आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी किंचित, मग आपल्या रंगाचा कन्सीलर.

बाकीच्या, भराभर

घामावर कॉम्पॅक्ट लावू नका, लगदा होतो. आधी सुती रुमालाने टिपा, पुसू नका.

डोक्याला चोपून तेल आणि कपाळावर फाउंडेशन, दोन्ही एका दिवशी नको.

सनस्क्रीन वाटाण्याएवढं पुरत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहऱ्याला आणि गळ्याला. एसपीएफ ३० पुरे, पण उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

लिंबू पिळून तोंडाला लावून उन्हात जाऊ नका. भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात आणि महिनोन्महिने राहतात. पुटकुळीला टूथपेस्टही नको.

बिटाचा घरचा लिपटिंट करा जरूर, पण त्यात टिकवण्याचं काही नसतं. फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांनी फेकून द्या.

मस्करा तीन महिन्यांनी टाका, अर्धा उरला तरी. बाकीच्या डब्यांवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि आकडा असतो. तो उघडल्यापासूनचे महिने सांगतो. मी झाकणावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिते.

काजळ कोणाला देऊ नका, कोणाचं घेऊ नका. बहिणीचं सुद्धा.

ओले केस ओढून बांधू नका, ओला केस ताणला की लवकर तुटतो. रोज एकाच जागी घट्ट पोनी बांधत असाल तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, बांधायची जागा बदलत राहा.

आणि रात्री मेकअप काढताना साबणाने रगडू नका. तळव्यावर खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब, बंद डोळ्यांवरून हलक्या हाताने फिरवा, ओल्या मऊ कापडाने टिपा, मग फेसवॉश. सकाळी उशीच्या अभ्र्यावर काळी रेघ दिसली, तर कापड अजून दोनदा फिरवायचं राहिलं होतं.