धूळपेरणी आणि फ्रँक रॅमसे

बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स होतं. संभाव्यता म्हणजे नाणं हजारदा उडवा, छापे मोजा. पण आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, बाबा मृगाआधी कोरड्या मातीत सरकी टोबतात. हीच धूळपेरणी. तिथं हजारदा काय मोजणार? यंदाचा मृग एकदाच येतो. वर्गात विचारलं तर "सिलॅबसमध्ये नाही" म्हणून विषय मिटला.

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं आणि रॅमसे भेटला. केंब्रिजचा तत्त्वज्ञ आणि गणिती, जन्म 1903चा. 1930च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. अर्थतज्ज्ञ केन्स तेव्हा म्हणत होता की पुरावा आणि निष्कर्ष यांच्यात संभाव्यतेचं तार्किक नातं असतं. हा पोरगा म्हणाला, मला तर ते कुठं दिसत नाही; संभाव्यता म्हणजे माणसाचा भरवसा किती, ते. त्याचा 1926चा ‘ट्रुथ अँड प्रॉबॅबिलिटी’ हा निबंध छापून आला तो तो गेल्यावर, 1931 साली.

त्यातलं एक उदाहरण मी कधी विसरणार नाही. दोन वाटा फुटतात. एक बरोबर वाटते, पण खात्री नाही. दूर शेतात एक माणूस दिसतो. त्याला विचारायला किती पायपीट कराल? त्यावरून तुमचा भरवसा किती, ते मोजता येतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात का हाये? मानूस किती लांब हाये अन् चुकलो तं किती हिंडा लागन, त्याच्यावर हाये ते." मला तेवढं कळायला तीन आठवडे लागले होते.

नवख्यांची गाडी अडते ती पैजेच्या युक्तिवादाशी. समजा एकाला पाऊस येईल याचा भरवसा 70 टक्के आणि येणार नाही याचाही 50. ‘आला तर शंभर’ ही चिठ्ठी तो 70 रुपयांना घेईल, ‘नाही आला तर शंभर’ ही 50ला. गेले 120, मिळणार शंभरच. पाऊस येवो न येवो, 20 रुपये बुडाले. म्हणून दोन्ही भरवशांची बेरीज बरोबर शंभर टक्के हवी. हे वहीत स्वतः मांडा, नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही.

हा निबंध वाचायला गणित बारावीचं पुरतं. इंग्रजीची मात्र दमछाक होते. मी प्रत्येक परिच्छेद मराठीत उतरवायचो. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. त्यातली संभाव्यतेच्या अर्थांवरची नोंद निबंधानंतर वाचा, आधी नको.

नोकरीचं विचाराल तर प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दोनदा हुकली. सध्या तालुक्याला तासिका तत्त्वावर शिकवतो. जूनमध्ये तास नसतात, पैसेही नसतात. तेव्हा मी वावरात असतो.