माशांच्या टँकला फिल्टर केवढा लागतो?

दुकानात 'दोन फुटी टँक आहे' म्हटलं की लगेच एक खोका हातात देतात, पण फिल्टर फुटावर ठरत नाही, पाणी किती आणि मासे कुठले यावर ठरतो.

आधी लिटर काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमधे मोजून गुणायची आणि हजाराने भागायचं. 60 बाय 30 बाय 30 म्हणजे 54 लिटर, त्यातून खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी 45 च्या आसपास राहतं. गप्पी, मॉली, टेट्रा असल्या माशांना ताशी चार ते सहा वेळा सगळं पाणी फिरलं की पुरतं, म्हणजे 180 ते 270 लिटर. आता खोक्यावरचा एलपीएच, म्हणजे ताशी किती लिटर, हा रिकाम्या पंपाचा असतो बरं का, आत स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा भरल्या, त्यात घाण बसली की धार चांगलीच कमी होते, म्हणून 400 वाला घ्या, तो जास्त होत नाही.

गोल्डफिश असतील तर ताशी आठ-दहा वेळा धरा, कारण ते खातात भरपूर आणि घाण त्याहून भरपूर करतात. आणि खरं सांगू, 54 लिटरमधे गोल्डफिश ठेवूच नका, फिल्टर मोठा लावून टँक मोठा होत नाही. फायटर (बेटा) माशाचं उलटं, लांब पंखांमुळे धारेत दमतो बिचारा, त्याला एअर पंपवरचा साधा स्पंज फिल्टर बास.

पण नुसत्या एलपीएचच्या मागे लागू नका. पंप फक्त पाणी आणून देतो, खरं काम स्पंज-रिंगांवर वाढणारे बॅक्टेरिया करतात, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट. त्यामुळे सारख्या एलपीएचचे दोन फिल्टर समोर असले तर ज्यात मीडियाला, म्हणजे स्पंज-रिंगांना, जागा जास्त तो उचला. हे बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे कमीच ठेवा आणि खाणंही हात राखून. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकचंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. अगदी नव्यासारखा स्वच्छ करायची हौस नको.

लाइट जाते तिथे अजून एक भानगड. कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, बरेच तास बंद राहिला की आतलं पाणी सडतं, मग तसाच चालू केला तर ते थेट टँकमधे येतं, आधी उघडून आतलं पाणी ओतून द्या. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असलेला बरा.

नायट्रेट मात्र साधा फिल्टर काढत नाही, त्यासाठी आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवायचं औषध) टाकून. आणि टँक सेट झाल्यावरही टेस्ट किटमधे अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल तर दुसरा फिल्टर आणायच्या आधी मासे मोजा, खाणं किती टाकताय तेही बघा.